वर्गातल्या शिक्षकाला विचारतो कोण?

२०२५ च्या एप्रिलपासून जूनअखेरपर्यंत पहिलीचा वर्ग हा महाराष्ट्रातला मोठा राजकीय विषय होऊन बसला होता. १६ एप्रिलच्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी अनिवार्य केली. विरोध वाढला तेव्हा १७ जूनला सुधारित निर्णय आला. हिंदी ‘सर्वसाधारणपणे’ तिसरी भाषा राहील. एखाद्या इयत्तेतल्या किमान २० मुलांनी दुसरी भारतीय भाषा मागितली तर तिच्यासाठी शिक्षक दिला जाईल, नाहीतर ती ऑनलाइन शिकवली जाईल, असं त्यात होतं. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली.

या काळात साहित्यिक बोलले, भाषातज्ज्ञ बोलले, पक्षांचे नेते, नट, संपादक, पालक सगळे बोलले. पहिलीपासून तिसरी भाषा लादण्याला झालेला विरोध मला तेव्हाही योग्य वाटला आणि आजही वाटतो. पण माझं लक्ष त्या २० मुलांच्या अटीवर अडकून राहिलं होतं. राज्यात २० किंवा त्याहून कमी पटाच्या सुमारे १५ हजार शाळा आहेत, आणि हा पट एका इयत्तेचा नसून अख्ख्या शाळेचा आहे. जिथे चारही इयत्ता मिळून १४ मुलं आहेत तिथे एका इयत्तेतल्या २० जणांनी गुजराती किंवा कन्नड मागायची कशी? ही अट लिहिताना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वाडीवरची किंवा पाड्यावरची शाळा नक्कीच नव्हती. अशा शाळेतल्या एखाद्या शिक्षिकेला मसुदा वाचायला दिला असता, तर तिने ही ओळ पहिल्याच वाचनात खोडली असती. तिला तो कुणी दिला नाही. निर्णयाच्या बाजूच्यांनी दिला नाही, आणि विरोधाच्या व्यासपीठांवरही तिच्यासाठी खुर्ची क्वचितच होती.

आपल्याकडच्या शिक्षणसुधारणा माघारी घ्याव्या लागतात, किंवा अहवालात यशस्वी ठरून वर्गात विरून जातात. त्याचं एक मोठं कारण माझ्या मते हे आहे की वर्गात शिकवणाऱ्या माणसाने बोलावं आणि त्याचं बोलणं निर्णयात धरलं जावं, अशी जागाच आपण ठेवलेली नाही. उलट त्याने बोलू नये याची तजवीज मात्र नियमांत जागोजागी आहे.

दोन शिक्षकांच्या शाळेतला दिवस कसा जातो ते आधी पाहू, कारण राज्यातल्या बहुतेक चर्चा या शाळेला वगळूनच होतात. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे ६० मुलांपर्यंत प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. शाळा पहिली ते चौथीची असेल तर एकेकाकडे दोन वर्ग येतात. पाचवी जोडलेली असेल तर एकाकडे तीन. पहिली-दुसरी सांभाळणाऱ्या बाई पहिलीच्या मुलांना घेऊन बसतात तेव्हा दुसरीला स्वतंत्रपणे करता येईल असं काही द्यावं लागतं. ते काम पुरेसं मोठं हवं, नाहीतर पाच मिनिटांत ‘बाई, झालं’ म्हणत पोरं भोवती गोळा होतात. फार अवघडही नको, नाहीतर ती अडून बसतात आणि मग एकमेकांच्या खोड्या सुरू होतात. दोन वर्गांचा हा तोल रोज, प्रत्येक तासिकेला नव्याने साधावा लागतो. पाठ्यपुस्तक मात्र एका वर्गाला एक शिक्षक आहे असं धरून लिहिलेलं असतं. प्रशिक्षणात दाखवलेला नमुना पाठही तसाच असतो. समोर एकच इयत्ता, मुलं ओळीने बसलेली, वेळ हवा तेवढा.

त्यात दुसरे गुरुजी कधी प्रशिक्षणाला जातात, कधी तालुक्याच्या बैठकीला, कधी मतदार यादीच्या कामाला. त्या दिवशी चारही वर्ग एकटीच्या अंगावर. पोषण आहाराच्या तांदळाची नोंद, उपस्थितीची ऑनलाइन माहिती, आधारवर नाव जुळत नसलेलं एखादं मूल, यू-डायस या शाळांच्या सरकारी माहितीसंचाचा अर्ज, व्हॉट्सॲप गटावर ‘तात्काळ’ असा शेरा घेऊन आलेला तक्ता, हे सारं त्याच घड्याळात बसवायचं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामं शिक्षकांना देऊ नयेत असं २००९ सालीच सांगितलं आहे. २०२४ मध्ये राज्य सरकारने शिक्षकांच्या कामांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी वर्गवारीही जाहीर केली. ज्या कामाला अधिकारी ‘शैक्षणिक’ म्हणतील ते शैक्षणिक, अशी सोय त्या वर्गवारीनेच करून दिली, ही शिक्षकांची तक्रार मला पटते. मुलांची माहिती पोर्टलवर भरणं हे शिक्षण आहे का, हा प्रश्न कागदावर सुटला; त्या कामामुळे वर्गात पडणारी पाऊण तासाची पोकळी तशीच राहिली.

अशा वेळापत्रकात नवा विषय आणायचा, तर कुठल्या विषयाचा वेळ कापायचा हे त्याच निर्णयात लिहायला हवं. ते कधीच लिहिलेलं नसतं. मग तो वेळ कापला जातो मुलांच्या वाचनातून, कारण वाचनाचा तक्ता रोज कुणी मागत नाही. आणि मूल कुठल्या भागातलं आहे त्यावर हिशेब आणखी बदलतो. पहिलीपासून इंग्रजी महाराष्ट्रात २००० सालापासून आहेच. मेळघाटात घरी कोरकू बोलणारं, धडगाव-अक्कलकुव्याला पावरी किंवा भिली बोलणारं, भामरागडला माडिया बोलणारं मूल शाळेत येतं, तेव्हा मराठी हीच त्याच्यासाठी नवी भाषा असते. त्याच्या दृष्टीने हिंदी तिसरी कुठली, ती चौथी. तिथे टिकून राहिलेले शिक्षक मुलांच्या भाषेतले शब्द गोळा करतात, गोष्टी त्या भाषेतून सांगतात, मग हळूहळू मराठीकडे येतात. पहिलीतल्या भाषेविषयी महाराष्ट्रात सर्वांत जास्त अनुभव ज्यांच्याकडे आहे ते हे शिक्षक. भाषेवरच्या एवढ्या मोठ्या वादात त्यांची साक्ष कुणीही काढली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हिंदीचा वाद मोठा म्हणून लक्षात राहिला. लहान उदाहरणं तर दरवर्षी घडतात. २०२५ च्या वार्षिक परीक्षांसाठी राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने पहिली ते नववीचं एकच वेळापत्रक काढलं, ८ ते २५ एप्रिल. हेतू चांगला होता. परीक्षा लवकर उरकली की मुलं यायची थांबतात आणि शिकवण्याचे दिवस वाया जातात, हे खरंच आहे. पण निकाल नेहमीप्रमाणे १ मे रोजीच लावायचा होता. शेवटचा पेपर २५ तारखेला झाल्यावर उत्तरपत्रिका, नोंदी, प्रगतिपुस्तकं हे पाच दिवसांत कसं आटोपणार? आणि विदर्भात एप्रिलच्या शेवटी पत्र्याच्या छपराखाली सात-आठ वर्षांच्या मुलाला पेपर लिहायला बसवायचं का? विदर्भातल्या शाळा जूनमध्ये उर्वरित राज्यापेक्षा उशिरा उघडतात, म्हणजे तिथलं ऊन शिक्षण विभागाला ठाऊक आहे. मुख्याध्यापकांनी आणि शिक्षक संघटनांनी हे सगळं सांगितलं, पण वेळापत्रक जाहीर झाल्यावर. आधी कुणी विचारलं नव्हतं. दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून २०२३ मध्ये पाठ्यपुस्तकांतच वह्यांची कोरी पानं घालण्यात आली. मुलं तरीही वेगळ्या वह्या आणत राहिली आणि जानेवारी २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. राज्यभर एकाच पद्धतीने गणवेश शिवून देण्याची २०२४ ची योजनाही वर्ष संपण्याआधी गुंडाळली आणि अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेले. या प्रत्येक वेळी काय होणार ते कुठल्याही मुख्याध्यापकाने चहाचा पेला संपायच्या आत सांगितलं असतं.

देशपातळीवरही चित्र वेगळं नाही. नव्या शैक्षणिक धोरणासाठी आधी टी. एस. आर. सुब्रमणियन समिती बसली. तिच्यात पाच जण होते. त्यांतले चार निवृत्त सनदी अधिकारी आणि पाचवे एनसीईआरटीचे, म्हणजे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचे, माजी संचालक जे. एस. राजपूत. २०१७ मध्ये नेमलेल्या पुढच्या समितीचे अध्यक्ष अवकाशशास्त्रज्ञ के. कस्तुरीरंगन होते. तिच्यात गणितज्ञ मंजुल भार्गव होते, एसएनडीटी विद्यापीठाच्या माजी कुलगुरू वसुधा कामत होत्या, इतर विद्यापीठांशी आणि शिक्षण खात्याशी संबंधित मंडळी होती. त्यांच्या विद्वत्तेबद्दल मला आदरच आहे. पण त्या काळात रोज सकाळी पहिलीच्या वर्गात जाऊन उभा राहणारा एकही प्राथमिक शिक्षक त्या समितीत नव्हता. देशातली मुलं शाळेत शिरतात ती त्याच वर्गातून, आणि धोरणाचा सर्वांत मोठा भर पायाभूत साक्षरतेवर आहे, हे लक्षात घेतलं म्हणजे ही उणीव किती मोठी आहे ते कळतं.

यावर सरकारचं उत्तर ठरलेलं आहे: धोरणासाठी अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत सल्लामसलत झाली. सूचना मागवल्या गेल्या यात शंका नाही. पण सूचना मागवल्यावर त्यांतली कुठली स्वीकारली, कुठली नाकारली आणि का, हे सूचना देणाऱ्याला कधी कळलं? ज्याला उत्तर मिळत नाही तो पुढच्या वेळी सूचना पाठवत नाही. मग आपणच म्हणतो की शिक्षकांचा प्रतिसाद थंड आहे. गंमतीची गोष्ट नाही, दुःखाची आहे: त्याच धोरणात शिक्षकांना अध्यापनपद्धती निवडण्याची अधिक मोकळीक द्यावी असं लिहिलेलं आहे, आणि त्याच धोरणाच्या नावाने राज्यातल्या शाळांत येणारे आदेश कुठल्या दिवशी कुठला उपक्रम घेऊन कुठल्या लिंकवर त्याचा फोटो चढवायचा इथपर्यंत जातात.

या राज्यात हे याहून चांगल्या रीतीने झालेलं आहे, आणि फार पूर्वी. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन दिलं, तेव्हा त्यांच्यामागे १८४८ पासून शाळा काढून चालवल्याचा अनुभव होता. म्हणून ते निवेदन आजही जिवंत वाटतं. त्यात मोठमोठी तत्त्वं आहेत, आणि त्यांच्याच शेजारी शाळेचा रोजचा व्यवहार आहे. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा. शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, म्हणजे तो लोकांत मिसळेल आणि त्यांच्या गरजा ओळखेल. त्याचा पगार १२ रुपयांपेक्षा कमी नसावा. मुलांना मोडी आणि बाळबोध लिहिता-वाचता यावं, हिशेब यावा, शेतीची आणि आरोग्याची प्राथमिक माहिती मिळावी, असं ते मांडतात. वासाहतिक सरकारने नेमलेल्या आयोगापुढे शाळा चालवणाऱ्या माणसाने दिलेली ही साक्ष नोंदली गेली, छापली गेली. स्वतंत्र देशातल्या समित्यांकडून आपण त्याहून कमी अपेक्षा का ठेवावी?

आता नियमांकडे येतो, कारण खरी अडचण तिथे आहे. विधान परिषदेत शिक्षकांचे आमदार असतात, मग आवाज नाही कसा, असं कुणी विचारेल. महाराष्ट्र विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ शिक्षक मतदारसंघांच्या आहेत. पण राज्यघटनेच्या कलम १७१ प्रमाणे या मतदारसंघात मत देण्याचा हक्क माध्यमिक शाळेहून खालच्या दर्जाच्या नसलेल्या संस्थांत शिकवणाऱ्यांनाच आहे. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या बाईंना शिक्षक आमदार निवडण्याचा अधिकारच नाही. मूल वाचायला शिकतं त्या टप्प्यावरचे शिक्षक घटनेच्या लेखी ‘शिक्षक मतदार’ नाहीत. या एका गोष्टीबद्दल महाराष्ट्रात जितकी चर्चा व्हायला हवी होती, तिच्या शतांशही झालेली नाही.

मतदारसंघ नाही, तर निदान लिहावं-बोलावं? जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत, आणि सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करणं त्यांत बसत नाही. जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबद्दल नव्याने सूचना काढल्या. त्यांतही शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करायला मनाई आहे, आणि त्या जिल्हा परिषदांनाही लागू आहेत. पोलीस किंवा महसूल खात्यासाठी अशा नियमाची काही कारणं देता येतील. पण ‘दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात हातच्याची वजाबाकी फार लवकर येते’ हे म्हणणं सरकारी धोरणावरची टीका धरायचं की नाही, हे ठरवणार कोण? ते ठरवणारा अधिकारी वरिष्ठ असेल आणि बदलीचा कागद त्याच्याच टेबलावरून जाणार असेल, तर शहाणा माणूस गप्पच बसतो. या गप्प बसण्याला उदासीनता म्हणणं अन्याय आहे.

शिक्षकाबद्दलचा संशय तर व्यवस्थेच्या हाडीमाशी खिळला आहे. २०२२ मध्ये ‘आपले गुरुजी’ या नावाने प्रत्येक वर्गात त्या शिक्षकाचा ए-फोर आकाराचा फोटो लावण्याचा आदेश निघाला. शिकवणारी व्यक्ती नेमलेला शिक्षकच आहे की त्याच्या जागी उभा केलेला दुसराच कुणी, हे ओळखता यावं म्हणून. काही ठिकाणी गैरप्रकार झाले असतील, ते करणाऱ्यांना शिक्षा व्हायलाच हवी. पण राज्यातल्या लाखो शिक्षकांना मुलांसमोर आपली ओळख पटवायला लावणं, आणि त्याच शिक्षकांकडून सुधारणेसाठी मोकळ्या मनाने सूचना याव्यात अशी अपेक्षा ठेवणं, हे दोन्ही एकदम जमत नाही.

शिक्षकांना बोलू दिलं तर काय होतं, याचं माझ्या दृष्टीने सर्वांत चांगलं आणि सर्वांत दुःखद उदाहरण सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट आहे. बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालचा शाळांचा गट. तिथल्या शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या बीटमधल्या सुमारे चाळीस शाळांचे शिक्षक यांनी २०१२ च्या सुमारास आपल्या वर्गांत एक बदल सुरू केला. मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचतं, हे तत्त्व पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं होतं. यांनी ते जमिनीवर आणलं. मुलं गटागटाने खाली बसू लागली. मण्यांच्या माळा, काड्यांचे गठ्ठे, खडे, शब्दपट्ट्या हाताळू लागली. फरशीवर संख्यारेषा आणि अक्षरांचे चौकोन आले, कारण हे त्या वयाच्या मुलांना फळ्यापेक्षा जवळचं. शिक्षक महिन्याला एकत्र बसून काय चाललं आणि काय फसलं हे एकमेकांना सांगत. अधिकारी स्वतः वर्गात बसून मुलांबरोबर काम करत. हळूहळू राज्यभरातून शिक्षक बघायला येऊ लागले, मुक्कामाला राहू लागले. स्वखर्चाने, सुट्टी टाकून आलेले कितीतरी होते. एका शिक्षकाने दुसऱ्याला दाखवलेली गोष्ट किती वेगाने पसरते हे त्या दोन-तीन वर्षांत दिसलं.

मग राज्याने ती उचलली. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला. प्रत्येक मूल शिकलं पाहिजे हा त्याचा आग्रह बरोबरच होता आणि सुरुवातीला त्याने बऱ्याच शिक्षकांना बळही दिलं. पण ज्या क्षणी कुमठ्यातलं काम निकषांच्या तक्त्यात बसवलं गेलं, त्या क्षणी त्यातला आत्मा मागे राहिला. शाळा ‘प्रगत’ झाली की नाही हे ठरवायचे मुद्दे आले, ते गुण मिळवायची घाई आली. गावोगाव फरशा रंगवल्या गेल्या. रंग आला, पण कुमठ्यात तो रंग का दिला होता हा प्रश्न विचारायला कुणाला सवड नव्हती. संख्यारेषेवर मूल चालून पाहत नसेल तर ती फक्त रंगवलेली रेघ आहे. शिक्षकांनी एकत्र बसून फसलेल्या गोष्टी मोकळेपणाने बोलणं हा कुमठ्याचा खरा गाभा होता, आणि नेमका तोच भाग तक्त्यात मांडता येत नाही, म्हणून तो पसरला नाही. शिवाय ज्या व्यवस्थेत आपली शाळा अप्रगत आहे असं कबूल करणं म्हणजे नोटीस ओढवून घेणं, त्या व्यवस्थेत फसलेलं सांगणार कोण? सगळे तक्ते हिरवे झाले. पुढच्या सर्वेक्षणांत तिसरीतल्या पुष्कळ मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नव्हताच.

सर्वेक्षणांचा विषय निघालाच आहे, तर शिक्षकांवरच्या मुख्य आक्षेपाला भिडायला हवं. मुलांना वाचता येत नाही, मग शिक्षकांचं ऐकायचं कशासाठी? आणि शिक्षक संघटना शिक्षणावर बोलतात कधी? त्या बोलतात बदल्यांवर, जुन्या पेन्शनवर, टीईटीवर, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेवर. या आक्षेपात तथ्य आहे. संघटनांच्या अधिवेशनांत अभ्यासक्रमावर गंभीर चर्चा दुर्मीळ असते आणि काही नेत्यांनी संघटनेला बदल्यांचं दुकान केलं, हे शिक्षकच खासगीत सांगतात. तरी दोन गोष्टींचा विचार करावा. शासन संघटनांना चर्चेला बोलावतं तेच सेवाशर्तींवर. पाठ्यपुस्तकाच्या आराखड्यावर त्यांना कधी बोलावलं जात नाही. आणि सेवाशर्ती इतक्या अस्थिर आहेत की त्यांच्यापलीकडे पाहायला उसंत मिळत नाही. नव्याने लागलेल्या शिक्षकांना वर्षानुवर्षं ‘शिक्षणसेवक’ म्हणून तुटपुंज्या मानधनावर राबवलं. ते मानधन ६ हजारांवरून १६ हजार व्हायला २०२३ उजाडावं लागलं. ५ सप्टेंबर २०२४ रोजी, म्हणजे शिक्षकदिनीच, २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांत दोनपैकी एक शिक्षक निवृत्त किंवा कंत्राटी असेल असा निर्णय निघाला. पुढे तो सौम्य झाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये रद्द झाला. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने, सेवेची पाच वर्षांहून जास्त शिल्लक असलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणं बंधनकारक केलं. पुढच्या वर्षी आपण कुठे असू हे ज्याला माहीत नाही त्याच्याकडून दहा वर्षांच्या अभ्यासक्रमाचा विचार मागणं फार आहे.

वाचता न येण्याबद्दल मला असं वाटतं, की मूल कुठे अडलं आहे हे सर्वेक्षण सांगतं, का अडलं आहे ते सांगत नाही. ते ऊसतोडीला आई-बापांबरोबर पाच महिने गेलं होतं म्हणून, की जोडाक्षरं येण्याआधीच पुस्तक पुढे गेलं म्हणून, की त्या वर्षी शाळेला शिक्षकच एक होता म्हणून? बीडच्या गुरुजींकडे याचं उत्तर आहे, आणि ते नंदुरबारच्या बाईंच्या उत्तराहून वेगळं आहे. शिक्षकाला उत्तरदायी धरा, जरूर धरा. पण ज्याला जबाबदार धरायचं त्याला कारण सांगण्याचीही मुभा हवी.

यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. राज्यात ४,८६० केंद्रं, म्हणजे जवळपासच्या शाळांचे गट, आहेत आणि केंद्राकेंद्रात दर महिन्याला शिक्षण परिषद भरते. आज तिचा कार्यक्रम वरून येतो, सूचना खाली वाचून दाखवल्या जातात, फोटो काढून गटावर टाकले जातात. त्यातला निम्मा वेळ उलट्या दिशेने राखून ठेवता येईल: वर्गात काय चाललं, काय नाही, कुठला आदेश अव्यवहार्य आहे, हे शिक्षकांनी बोलायचं, त्याचं टिपण व्हायचं, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेमार्फत (डाएट) ते राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे जायचं, आणि राज्य परिषदेने तीन महिन्यांत लेखी उत्तर द्यायचं. उत्तर ‘नाही’ असलं तरी चालेल, कारणासह हवं. वर्गावर परिणाम करणारा कुठलाही निर्णय आधी काही केंद्रांत, त्यात एखादं द्विशिक्षकी शाळांचं आणि एखादं आदिवासी भागातलं असायलाच हवं, एक सत्र वापरून पाहावा आणि तिथल्या शिक्षकांची टिपणं निर्णयासोबत प्रसिद्ध करावीत. शैक्षणिक बाबींवरचं मत ही शासनावरची टीका समजली जाणार नाही, एवढी एक ओळ वर्तणूक नियमांत घालायला कुठल्याही खर्चाची गरज नाही. समित्यांवर सेवेतले प्राथमिक शिक्षक घ्यावेत, ते शिक्षकांनी निवडलेले असावेत, आणि ते पुण्या-मुंबईत बैठकीला असतील तेव्हा त्यांच्या वर्गाला बदली शिक्षक मिळावा. नाहीतर त्या सहभागाची किंमत पुन्हा मुलंच मोजतील. कलम १७१ ची दुरुस्ती संसदेचं काम आहे, वेळ लागेल. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तशी शिफारस करणारा ठराव करायला मात्र कुणी अडवलेलं नाही.

नव्या अभ्यासक्रमाची पहिलीची पुस्तकं जून २०२५ पासून मुलांच्या हातात आहेत आणि पुढच्या इयत्तांची टप्प्याटप्प्याने येणार आहेत. पहिलीचा कुठला पाठ रेंगाळतो, कुठल्या चित्रावर पाड्यावरची पोरं धडाधड बोलायला लागतात आणि कुठल्यावर गप्प होतात, दोन वर्ग सांभाळणारी शिक्षिका कुठल्या पानापर्यंत पोहोचूच शकत नाही, ही सगळी माहिती आज हजारो शिक्षकांजवळ आहे. बालभारतीने आणि राज्य परिषदेने ती शिक्षण परिषदांमधून लेखी मागवावी, आणि पुढच्या इयत्तेचं पुस्तक छपाईला जाण्याआधी मागवावी.